रनाळ्याची काळी धार

सकाळी साडेसहा. ऊन तापायच्या आत काम उरकायचं म्हणून रनाळ्याच्या शिवारात लवकर पोचलो. बांधावर बापू उभेच. "सर, पानी लागी का?"

सात. विहिरीची जागा नंतर, आधी काळ्या दगडांची धार. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांमधून ती पूर्व-पश्चिम गेलेली. हातोडी मारली की ठणकते. ही डाइक. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन उभी फाटली आणि खालून चढलेला तप्त रस काही भेगांत तसाच थिजला. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेच्या वर भिंती नकाशावर आल्यात.

आठ. सोबतची विद्यार्थिनी विचारते, "सर, मग ज्वालामुखीचा डोंगर कुठंय?"

पाठ्यपुस्तकातल्या त्या शंकूच्या चित्राने आपलं फार नुकसान केलंय. रसात सिलिका जास्त असली की तो घट्ट होतो, वायू कोंडतात, स्फोट होतात. तसे उभे शंकू राख आणि लाव्हा साचून तयार होतात. आपला बेसॉल्ट पातळ. तो भेगांतून उतू गेला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा थर. सह्याद्रीच्या पायऱ्या त्याच, आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलाय.

नऊ. रुंदी मोजली. एका उघड्या तुकड्यात दगडाचे खांब आडवे, सरपण रचल्यासारखे. भिंत दोन्ही बाजूंनी निवत गेली, म्हणून खांब आडवे पडले. मुलगी फोटोच काढत बसली.

दहा. चहा. बापू म्हणाले, "माणसं असती तर जळून मेली असती."

जळण्याआधी गुदमरली असती, मी म्हटलं. आइसलंडात 1783 साली लाकी इथं अशीच भेग फुटली, आठ महिने वाहिली. लाव्ह्यापेक्षा वायूंनी घात केला: गवत विषारी झालं, अर्ध्याहून जास्त गुरं गेली, मग दुष्काळात पाचातला एक माणूस. बापूंनी कप खाली ठेवला. गुरांचं त्यांना लागलं असावं.

साडेदहा. शेताचा उतार उत्तरेला, तापीकडे. मुरलेलं पाणी उताराने येतं आणि आडव्या भिंतीला अडतं. भिंत तडकलेली नसेल तर पाणी दक्षिणेलाच साठणार. दक्षिणेला फक्कीने फुली मारली.

बापूंचा विजेचा खांब नेमका उत्तरेला. "केबल किती लागंल, सर?"

टेप पुन्हा उलगडली.