नेमबाजीची साधनं – लेखांक ६ : पॉइंट टू-टूसाठी दुर्बीण निवडताना

मागच्या लेखात .२२ लाँग रायफल या काडतुसाची ओळख झाली. १८८७ पासून चालत आलेल्या या काडतुसातली नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमहून किंचित जड. तिचा वेग सेकंदाला साधारण ३२० ते ३७० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आगेमागे. ५० मीटरला झिरो केलेली रायफल १०० मीटरवर गोळी १५ ते २० सेंटिमीटर खाली टाकते. त्यामुळे या रायफलीचा खरा मुलूख २५ ते १०० मीटरचा, आणि त्याचं केंद्र ५० मीटर. दुर्बिणीचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात मात्र दुकानात पहिला प्रश्न असतो, “किती एक्सची आहे?” माझ्या मते विशालनाचा हा प्रश्न तिसरा आहे. दुर्बिणीचा पॅरलॅक्स किती अंतरावर साधलेला आहे, हा पहिला आणि पुढचं भिंग किती रुंद आहे, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं नीट शोधली, तर छोट्या रायफलीसाठी आटोपशीर दुर्बीणच योग्य ठरते.

पॅरलॅक्स म्हणजे काय, हे स्कूटरच्या मागच्या सीटवरून वेगाचा काटा पाहणाऱ्याला लगेच कळेल: काटा आणि आकडे वेगवेगळ्या पातळीवर असतात, म्हणून तिरकं पाहिलं की वेग चुकीचा वाचला जातो. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा आणि क्रॉसहेअर हे एकाच पातळीवर यावे लागतात. स्थिर पॅरलॅक्सच्या दुर्बिणीत हे एकाच अंतरासाठी जमतं. मोठ्या बोअरच्या रायफलींसाठी बनवलेल्या दुर्बिणींत ते अंतर बहुधा १०० यार्ड किंवा त्याहून जास्त असतं, तर .२२ सारख्या रिमफायर रायफलींसाठीच्या दुर्बिणींत ५० यार्डांच्या आसपास. डोळा मध्यापासून सरकला तर जास्तीत जास्त किती चूक होईल, याचं गणित सोपं आहे. साधलेलं अंतर आणि लक्ष्याचं अंतर यांतला फरक घ्यायचा, त्याला साधलेल्या अंतराने भागायचं आणि पुढच्या भिंगाच्या निम्म्या व्यासाने गुणायचं. ४० मिलिमीटर भिंगाची, १०० मीटरला साधलेली दुर्बीण ५० मीटरवर वापरली, तर चूक १० मिलिमीटरपर्यंत जाते. २५ मीटरवर १५ पर्यंत. ३२ मिलिमीटरचं भिंग असेल तर ५० मीटरवर ८, आणि तीच दुर्बीण ५० मीटरला साधलेली असेल तर शून्य.

१० मिलिमीटर म्हणजे फार आहे का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्या ५० मीटर थ्री पोझिशनच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. गोळी ५.६ मिलिमीटरची. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत असला, तरच तिची कड दहाला शिवते. त्या स्पर्धेत दुर्बिणीला परवानगी नाही, तिथे छिद्राचे साइट वापरतात. पण दर्जाची कसोटी म्हणून ते लक्ष्य उत्तम आहे. बाकी सगळं बिनचूक असूनही केवळ दुर्बिणीपायी दहा हुकू शकतो, एवढी ही चूक मोठी आहे.

यावर आक्षेप येतो की हा आकडा टोकाचा आहे. गाल दर वेळी एकाच जागी टेकणाऱ्याला त्याची चिंता नको. आक्षेपात तथ्य आहे, पण गाल एकाच जागी टेकणंच इथे अवघड असतं. कित्येक .२२ रायफलींचा दस्ता नळीवरच्या उघड्या साइटच्या उंचीला बेतलेला, म्हणून खाली उतरलेला असतो. त्यावर रुंद भिंगाची दुर्बीण चढवायची तर ती उंच माउंटवर बसते, गाल दस्त्यावरून उठतो आणि डोळा नेमका भटकायला लागतो. म्हणजे मोठं भिंग चुकीची कमाल मर्यादाही वाढवतं आणि ती चूक घडण्याची शक्यताही. शिवाय १९६४ मध्ये बाजारात आलेली रुगर १०/२२ सारखी रायफल जेमतेम सव्वादोन किलोची असते. तिच्यावर जड दुर्बीण बसवली की तोल वर सरकतो.

मोठ्या भिंगातून उजेड जास्त येतो, हा दुसरा आक्षेप. उजेड भिंगात शिरतो हे खरं, पण डोळ्यापर्यंत किती पोचतो ते पाहावं. भिंगाच्या व्यासाला विशालनाने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ३२ मिलिमीटरच्या चार एक्स दुर्बिणीत तो ८ मिलिमीटर असतो, ४० च्या दुर्बिणीत १०. माणसाची बाहुली दिवसा दोन-तीन मिलिमीटर उघडते, अंधारात सातच्या आसपास. उरलेला उजेड बाहुलीच्या बाहेरच पडतो.

सर्वांत वजनदार आक्षेप बेंचरेस्टवाल्यांचा आहे. रायफल टेकूवर ठेवून खेळल्या जाणाऱ्या त्या खेळात ३६ एक्स आणि त्याहूनही मोठ्या दुर्बिणी सर्रास दिसतात, आणि निकाल थक्क करणारे असतात. पण त्या दुर्बिणींचा पॅरलॅक्स फिरवून साधता येतो आणि अंतर ठरलेलं असतं. म्हणजे त्या नेमबाजांनी पहिला प्रश्न आधीच सोडवलेला असतो. हातात धरलेल्या रायफलीवर तेवढं विशालन घेतलं, तर वाढते ती डोळ्यांसमोरची थरथर.

मग सर्वांत छोटी दुर्बीण सर्वांत चांगली का? नाही, आणि इथे माझ्याच युक्तिवादाला आवर घालायला हवा. पाऊण इंच नळीच्या, १५ मिलिमीटर भिंगाच्या जुन्या चार एक्स दुर्बिणी पॅरलॅक्सच्या गणितात वरचढ ठरतील, पण त्यांचा प्रकाशझोत पावणेचार मिलिमीटरचा, संध्याकाळी अपुरा. दुसरी अडचण लांबीची. दुर्बीण आखूड करायची तर पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर कमी करावं लागतं, आणि मग आतला प्रत्येक ढिलेपणा लक्ष्यावर मोठा होऊन उमटतो. नाभीय अंतर १०० मिलिमीटर असताना क्रॉसहेअर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने हलला, तर ५० मीटरवर ५ मिलिमीटरचा फरक पडतो. ६० मिलिमीटर असताना ८ चा. म्हणून आखूड दुर्बिणीत स्वस्ताई महागात पडते. तिथे पैसे खर्च करायचे ते आतल्या यंत्रणेच्या घट्टपणासाठी.

बहुतेकांसाठी माझी निवड अशी: २८ ते ३३ मिलिमीटर भिंग, एक इंची नळी, चार एक्स स्थिर किंवा दोन ते सात एक्स, आणि पॅरलॅक्स ५० मीटरच्या आसपास साधलेला. अशी ३२ मिलिमीटरची दुर्बीण १०० मीटरवर १६ मिलिमीटरपर्यंत चुकू शकते. पण तिथे साध्या काडतुसांचं विखुरणंच त्याहून जास्त असतं आणि वाऱ्याचा परिणाम वेगळा. २५ आणि १०० मीटर दोन्हीकडे गंभीरपणे नेम धरणाऱ्याने मात्र फिरता पॅरलॅक्स घ्यावा आणि कड्यावरच्या आकड्यांवर विसंबून न राहता क्रॉसहेअर हलतो का, ते पाहून तो लावावा. त्याची तपासणी रेंजवरच होते: रायफल रिकामी असल्याची खात्री करायची, ती वाळूच्या पिशव्यांवर पक्की बसवायची, ५० मीटरवरच्या कागदावर क्रॉसहेअर आणायचा आणि रायफलीला हात न लावता डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवायचं. क्रॉसहेअर कागदावर सरकला, तर ती दुर्बीण त्या अंतरासाठी नाही, मग तिच्यावर कितीही एक्स छापलेले असोत.