‘टर्न इट ऑफ’ आणि आपले ‘देऊन टाक’



लागणीच्या तारखा, बेणे आणि खोडव्याची खते यांवर या पानात नेहमी लिहितो. या खेपेचा विषय जरा वेगळा आहे. गट ऑफिसात उसाचे बोलणे संपून चहा आला की पुष्कळ सभासद मुलांच्या इंग्रजीवर येतात. पोरगा पुण्यात शिकतोय, मार्क चांगले आहेत, पण मुलाखतीला बसला की अडतो. मोठमोठे शब्द त्याला येतात. माझ्या पाहण्यात तो अडतो ते बारक्या शब्दांपाशी: अप, ऑफ, आऊट, इन, ऑन.

याला जुने कारण आहे. पुण्यात चिपळूणकर-टिळकांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हापासून आणि त्याच्याही आधीपासून आपण इंग्रजी शिकलो ते पुस्तकातून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर पिढ्या गेल्या. वाक्य घ्यायचे, भाषांतर करायचे, पुढचे वाक्य घ्यायचे. ती शिस्त चांगलीच होती, तिला नावे ठेवायची नाहीत. पुढे २००० साली, आपल्याच जिल्ह्यातले प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. तरी बारक्या शब्दांची अडचण राहिलीच. मुलाला ‘पोस्टपोन’ म्हणजे पुढे ढकलणे हे पाठ असते, पण बोलणारा म्हणतो ‘पुट इट ऑफ’. ‘टॉलरेट’ येते, समोरचा म्हणतो ‘पुट अप विथ इट’. ‘एक्स्टिंग्विश’चे स्पेलिंगही बिनचूक येते, आणि आग लागली की माणसे ओरडतात ‘पुट इट आऊट’. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. मग ठेवण्यातून ढकलणे, सोसणे आणि विझवणे निघाले कुठून?

यात आपल्या पोरांचाच दोष आहे असे नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश केला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे, की क्रियापदाला शेपटासारखा एक छोटा शब्द जोडून अर्थ फिरवायची ही इंग्रजीची रीत परक्याला सर्वांत अवघड जाते.

आता मराठीत बघू. दारे धरणाऱ्याला आपण काय काय सांगतो? ‘पाणी देऊन टाक’ म्हणजे एकदाचे उरकून मोकळा हो. ‘देऊन घे’ म्हणजे लाईट आहे तोवर आपले साधून घे. ‘देऊन ठेव’ म्हणजे पुढची सोय म्हणून आधीच दे. ‘देत जा’ म्हणजे नेमाने दे. आणि ‘पाणी देऊन बसला’ असे कुणाबद्दल म्हटले, तर त्याने नको तेव्हा पाणी सोडले आणि आता पस्तावतोय, हे न सांगता कळते. ‘देणे’ एकच. टाक, घे, ठेव, जा, बस यांनी त्याचा रंग बदलला. यातला ‘बस’ ऐकून कुणी खाली बसत नाही! व्याकरणात यांना संयुक्त क्रियापदे म्हणतात, पण ती आपल्याला कुणी तक्ता लावून शिकवली नाहीत. आपण रंग बदलायला पुढे दुसरे क्रियापद जोडतो, इंग्रज अप-ऑफ-आऊट जोडतो. कामाची जात बरीचशी एकच.

उसावरच घ्या. ‘कट’ म्हणजे तोडणे. ‘कट डाऊन’ म्हणजे उभे पीक किंवा झाड तोडून आडवे करणे. ‘कट अप’ म्हणजे बेण्याच्या टिपऱ्या करतो तसे तुकडे करणे. ‘कट ऑफ’ म्हणजे वाढे छाटतो तसे वेगळे करणे, आणि वीजजोड तोडणे हेही ‘कट ऑफ’च. इंजिन चालता चालता दम टाकते ते ‘कट आऊट’. खर्च आवरता घेणे ‘कट बॅक’. नुसती यादी घोकली तर चार दिवसांत विसरेल. तोडल्यावर काय झाले, आडवे पडले, तुकडे झाले की वेगळे झाले, हे डोळ्यांपुढे आणले तर राहते.

खरी मेख ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ या सर्वनामांची आहे. मोटरचे नाव घेतले तर ‘स्विच ऑफ द मोटर’ म्हणा किंवा ‘स्विच द मोटर ऑफ’ म्हणा, दोन्ही चालते. पण मोटरऐवजी ‘इट’ आले की ते मध्येच बसले पाहिजे: ‘स्विच इट ऑफ’. ‘स्विच ऑफ इट’ कानाला खटकते. म्हणून मुलाने ‘इट’ नेहमी मध्येच घालायचे ठरवले, तर ‘लुक इट ॲट’ होऊन बसते, आणि तेही चूक. तिथे ‘लुक ॲट इट’च लागते.

मग ओळखायचे कसे? मी एक गावठी युक्ती सांगतो. वाक्य मराठीत म्हणून बघा. सर्वनामाला ‘कडे, साठी, वर’ असे काही चिकटले, तर इंग्रजीतला बारका शब्द सर्वनामाच्या आधी. ‘त्याच्याकडे बघ’: लुक ॲट हिम. ‘माझ्यासाठी थांब’: वेट फॉर मी. ‘त्याच्याकडे लक्ष दे’: लुक आफ्टर हिम. पण सर्वनाम मोकळे राहिले आणि जोड क्रियापदाला लागला, तर सर्वनाम मध्ये. ‘ते फेकून दे’: थ्रो इट अवे. ‘ते उचलून घे’: पिक इट अप. ‘तो भरून दे’, म्हणजे फॉर्म: फिल इट इन. शंभर टक्के नाही, पण बरीच गाडी यावर निघते.

आपण शेतकऱ्यांनी मात्र भलताच शॉर्टकट काढलेला आहे. इंग्रजाचे ‘स्विच’ आपण बाजूला सारले, नुसते ‘ऑफ’ उचलले आणि त्याला ‘कर’ लावले. ‘मोटर ऑफ कर.’ सर्वनामाची भानगडच नाही, ‘ती ऑफ कर’ म्हटले की झाले. कारखान्यातही ब्रेकडाऊन ‘होतो’, शटडाऊन ‘घेतात’, फॉलोअप ‘करतात’.

औषधाच्या डब्यावर मात्र शॉर्टकट नको. ‘कीप आऊट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’ म्हणजे मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. यात ‘कीप’ तेवढे वाचून ‘आऊट’ सोडले तर अर्थ उलटा होतो. ‘कीप अवे फ्रॉम फूडस्टफ्स’ म्हणजे खाण्याच्या जिनसांपासून लांब. ‘डू नॉट ब्लो आऊट’ असे नोझलबद्दल असते: तुंबलेली नोझल तोंडाने फुंकायची नाही. मराठी मजकूर असेल तर आधी तोच वाचा. अक्षर लागेना तर चौकोनातला खालचा रंगीत त्रिकोण तरी बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा.

मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द राहिले. ‘मी कॉलेजातून पास आऊट झालो’ हे आपल्याकडे सर्रास चालते, पण परदेशी कंपनीचा साहेब समोर असला तर त्याला वाटेल पोरगा चक्कर येऊन पडला. त्याला ‘ग्रॅज्युएटेड’ सांगावे. दुसरा शब्द ‘आऊटस्टँडिंग’. प्रशस्तिपत्रकावर तो आला तर मुलगा अव्वल आहे. सोसायटीच्या खात्यावर आला तर मात्र कर्जाचे येणे बाकी आहे, आणि ते उसाच्या बिलातून वळते होणार.