५०० वॅट, ६ तास?

मंडळाच्या मैदानातल्या काव्यवाचनासाठी बॅटरीवर चालणारा स्पीकर घेण्याचं घाटतंय. एका खोक्यावर लिहिलंय : ५०० वॅट, ६ तास. मी साहित्याची विद्यार्थिनी, पण एवढा गुणाकार मलाही येतो. ३००० वॅट-तास झाले. आतली बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, म्हणजे फक्त ८४ वॅट-तास! सहा तास चालवायचा तर सरासरी १४ वॅट; त्यातलेही काही उष्णतेत जाणार. क्लास-डी अँप्लिफायर ९० टक्के कार्यक्षम असतो हे खरं, पण ते मोठ्या आवाजाला. हळू आवाजात हा आकडा घसरतो. ‘पीएमपीओ’ तर क्षणभराच्या शिखराचा आकडा, त्यावर जाऊच नका. कविता वाचायला १४ वॅटही पुष्कळ (ओरडणारे कवी वगळून). दुकानात आरएमएस वॅट विचारायचे, आणि स्पीकरची संवेदनशीलतासुद्धा : ती ३ डेसिबलने जास्त असेल तर तोच आवाज निम्म्या वॅटमध्ये मिळतो.