भिवंडीतली न झालेली दंगल

दंगल झाली की चौकशी आयोग बसतो, अहवाल येतो, विधानसभेत दोन दिवस गाजतो आणि कपाटात जातो. दंगल झाली नाही, तर ती का झाली नाही हे विचारायला कोणी आयोग बसवत नाही. बसवला असता, तर त्याचा पहिला मुक्काम भिवंडीत पडायला हवा होता.

१९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीतून भिवंडीत दंगल पेटली आणि तिचे पडसाद जळगाव-महाडपर्यंत उमटले. १९८४च्या मे महिन्यात पुन्हा तेच झालं. या वेळी ठाणे, कल्याण, मुंबईही होरपळली. त्यामुळे डिसेंबर १९९२मध्ये बाबरी मशीद पाडली गेली, तेव्हा पहिली धास्ती भिवंडीचीच होती. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत ९०० माणसं मेली. हा आकडा त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा. मुंबईच्या वेशीवरची भिवंडी मात्र शांत राहिली.

यावर एक तयार उत्तर असतं, ते म्हणजे धंदा. भिवंडी हे यंत्रमागाचं शहर. सुताचा व्यापार बराचसा गुजराती-मारवाड्यांकडे, माग पुष्कळसे मोमिनांचे, मागावर उभा राहणारा कामगार उत्तर प्रदेशचा, बिहारचा किंवा तेलुगू मुलखातला. एकाचा माग थांबला की दुसऱ्याचं सूत पडून राहतं. मग भांडेल कोण? पण हा सगळा व्यवहार १९७०लाही होता आणि १९८४लाही. पोटाची गरज माणसांना बांधून ठेवते हे ऐकायला बरं वाटतं. भिवंडीने ते दोनदा खोटं पाडलं होतं.

मधल्या काळात एक गोष्ट बदलली होती. १९८८मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. तोवर शांततेसाठी एकच सरकारी साधन असे, ते म्हणजे शांतता समिती. ही बैठक ज्याने पाहिली आहे त्याला वर्णनाची गरज नाही. सण तोंडावर आला की पोलीस ठाण्यात खुर्च्या मांडायच्या, पुढच्या रांगेत दोन्हीकडचे तेच ते पुढारी, चहा-बिस्किटं, एकोप्याची भाषणं आणि शेवटी एकमेकांचा हात धरून फोटो. यातल्या निम्म्यांचं त्यांच्याच गल्लीत कोणी ऐकत नाही. उरलेल्यांपैकी काहींचं दुकानच तणावावर चालतं.

खोपड्यांनी पुढारी बाजूला ठेवले आणि वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सुमारे ७०. सभासद दोन्ही धर्मांचे, त्याच गल्लीत राहणारे, साधे. सोबत त्या भागाचा पोलीस. मुख्य म्हणजे बैठक सण असो-नसो व्हायची आणि तिथे धर्माची चर्चा नसे. वस्तीतल्या रोजच्या कटकटी, शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणं, पोलिसांबद्दलच्या तक्रारी, असा मामला. कंटाळवाणाच म्हणायचा.

या कंटाळवाण्या कामाची किंमत अफवेच्या वेळी कळते. रात्री अकराला बातमी येते, ‘पलीकडे आपल्या पोराला भोसकलं.’ पुढच्या अर्ध्या तासात सगळं ठरतं. पलीकडच्या गल्लीत ओळखीचं कोणी नसेल, तर खरं-खोटं करायला मार्गच उरत नाही आणि दगड गोळा व्हायला लागतात. पण महिन्याभरापूर्वी ज्याच्याशी गटारीवरून वाद घातला, तो पलीकडेच राहत असेल, तर त्याच्या दारावर थाप मारता येते. आणि चौकीतला हवालदार नावानिशी ओळखीचा असेल, तर त्याच्याकडेही जाता येतं. ही दुसरी ओळख पहिलीइतकीच मोलाची. १९७०च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या मादन आयोगाने काय किंवा पुढे श्रीकृष्ण आयोगाने काय, पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढलेले आहेत.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ आणि कालिकत अशा शहरांच्या जोड्या लावून हाच प्रश्न तपासला. त्यांचा निष्कर्ष असा की खेड्यात रोजची उठबस पुरते. मोठ्या शहरात ती पुरत नाही, तिथे दोन्ही धर्मांची माणसं एकत्र असलेल्या संघटना लागतात, मग त्या व्यापाऱ्यांच्या असोत, कामगारांच्या की वाचनालयांच्या. भिवंडीत अशी संघटना आपोआप उगवली नाही, ती पोलिसांनी घडवली. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो. त्याचा फोटो आपण दरवर्षी कौतुकाने छापतो, छापावाच. पण गोटखिंडी हे खेडं आहे. तिथलं जमून आलेलं भिवंडीत तसंच्या तसं जमणार नाही.

मुंबईनेही धडा घेतला. दंगलीनंतर निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला समित्या आल्या, वस्तीतल्या पोरांचे क्रिकेटचे सामनेही सुरू झाले.

पण ही व्यवस्था अधिकाऱ्याच्या उत्साहावर टांगलेली असते, आणि अधिकाऱ्याची बदली होते. जुलै २००६मध्ये याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून जमाव आणि पोलीस भिडले. गोळीबारात दोघे गेले, जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. ही हिंदू-मुसलमान दंगल नव्हती हे खरं, पण त्यात फारसा दिलासा नाही. पोलीस आणि मोहल्ला यांच्यातला जो धागा खोपड्यांनी विणला होता, तोच तुटलेला दिसत होता.

आता सोपा नसलेला, पण जमलेला एक प्रसंग. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. दोन्हीकडे मिरवणुका, रस्ते तेच आणि बंदोबस्ताला पोलीसही तेच. मुस्लिम समाजाने मुंबईसह अनेक ठिकाणी ईदचा जुलूस पुढे ढकलला आणि राज्य सरकारने ईदची सुट्टी २९ तारखेला नेली. पुढच्या वर्षी ईद १६ला आणि विसर्जन १७ला, तेव्हा मुंबईतली सुट्टी १८ तारखेला गेली. हिजरी वर्ष आपल्यापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान आणि त्यात अधिक महिना नाही, म्हणून हे सण असे काही वर्षं एकमेकांना गाठतात आणि मग दूर जातात. गणपती आणि ईद-ए-मिलादची गाठ पुन्हा पडायला आता तीसेक वर्षं आहेत. होळी मात्र २०२४मध्ये रमझानच्या महिन्यातच आली आणि २०२५मध्येही. त्या वर्षी धुळवड तर नेमकी जुम्याच्या दिवशी होती.