ताग फुलावर आला की गाडा

आडसालीसाठी रान मोकळे ठेवा म्हटले की सभासद विचारतात, "साहेब, दोन महिने जमीन पाडून कसं भागायचं?" पण शेणखत आता कुणाच्या दारात पुरेसे आहे? बैल गेले, उकिरडे आटले. नुसत्या युरियावर ऊस किती दिवस ओढणार?

तेव्हा मेच्या मध्यावर पाणी देऊन एकरी 20 ते 25 किलो ताग फोकून पेरावा. पेरताना सिंगल सुपर फॉस्फेट दिले तर मुळांवर गाठी चांगल्या धरतात. हवेतला नत्र जमिनीत येतो तो या गाठींमुळेच. चोपण रानात मात्र धैंचा घ्यावा. खारवटपणा आणि साचलेले पाणी तो सोसतो.

खरी चूक होते ती गाडताना. 45 ते 50 दिवसांनी, फुले लागू लागताच, कोवळा ताग गाडला पाहिजे. आम्हीही एकदा ट्रॅक्टरची वाट बघत बसलो आणि शेंगा धरल्या. काडी सुतळीसारखी चिवट झाली, ती कुजता कुजेना. कुजवणाऱ्या जिवाणूंनी उसाच्या वाट्याचा नत्र आधी खाल्ला. लागण दोन महिने पिवळी होती, येणारा-जाणारा विचारायचा.

गाडल्यावर पाऊस नसेल तर पाणी द्यावे, कोरड्यात काही कुजत नाही. तीन-चार आठवड्यांनी सऱ्या सोडून 15 ऑगस्टच्या आत लागण उरकावी. रान मोकळे ठेवणे जमतच नसेल, तर रुंद सरीत वरंब्यावर ताग घेऊन सहा आठवड्यांनी बाळबांधणीला गाडावा. बियाणे एप्रिलअखेरच घरात आणून ठेवा. ते मेमध्ये शोधत फिरलात तर लागणही लांबते.