ग्रुप भरला, पण समुदाय झाला का?

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या एका शेतकरी गटाने चिन्नोर तांदूळ विकायला व्हॉट्सॲप ग्रुप काढला, नागपूरचे ग्राहक त्यात घेतले, आणि तुम्हाला त्यावर संशोधन करायचंय. सदस्यसंख्या आधी बाजूला ठेवा. तिच्यावरून फारसं काही कळत नाही.

मुनिझ आणि ओ'गिन यांनी २००१ मध्ये 'ब्रँड समुदाया'च्या तीन खुणा सांगितल्या: आपण एकाच गोतावळ्यातले ही जाणीव, सामायिक रीती आणि एकमेकांबद्दलची जबाबदारी. तिसरी खूण चॅटमध्ये पकडायला सर्वांत सोपी. "भात चिकट का झाला?" याला शेतकऱ्याने उत्तर दिलं तर ती ग्राहकसेवा. पण दुसऱ्याच ग्राहकाने "नवा तांदूळ आहे, पाणी कमी घाला" म्हटलं, की समुदायाची सुरुवात दिसते. म्हणून कोडिंग करताना कोणी कोणाला उत्तर दिलं, हा रकाना हवाच.

हे महत्त्वाचं का? चिन्नोर सुगंधी खरा, पण उशिरा निघणारा आणि उताऱ्याला कमी. दर मिळाला नाही तर शेतकरी दुसऱ्या धानाकडे वळणारच. 'भंडारा चिन्नोर'ला भौगोलिक मानांकन आहे. तरी पिशवीतला तांदूळ अस्सल की मिसळलेला, ही शंका उरतेच, आणि ती ग्राहक आपसातच बोलून फेडतात. त्यामुळे तक्रारी पुसल्या जाणाऱ्या ग्रुपला मी तरी जाहिरातफलकच म्हणेन.

संदेश गोळा करण्याआधी संमती घ्या, फक्त ॲडमिनची नव्हे, सदस्यांचीही. आणि नोंदी उन्हाळ्यातही चालू ठेवा. माल संपलेला असताना तिथे कोण, कशासाठी बोलतं, ते तेव्हाच दिसतं.