टोपणनावाकडून गुणपत्रिकेकडे

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, आणि पुढील दहाबारा वर्षांत सायबर कॅफेच्या अरुंद कप्प्यात बसून याहूच्या चॅटरूममध्ये शिरणाऱ्या तरुणास पहिला सवाल येई तो ‘एएसएल’, म्हणजे वय, लिंग आणि ठिकाण यांचा. उत्तर खरेच असावे अशी विचारणाऱ्याचीही अपेक्षा नसे; साताऱ्याचा मुलगा खुशाल लंडनचा होई, आणि नाव, गाव, छायाचित्र यांपैकी काय उघड करावे व काय राखून ठेवावे याची मुखत्यारी सर्वस्वी त्याच्या हाती राही. २०११ च्या नियमांनी ग्राहकाचे ओळखपत्र पाहून त्याची नोंद वर्षभर जपणे कॅफेचालकावर बंधनकारक केले, तेव्हाही खरे नाव गल्ल्यावरच्या वहीत आणि टोपणनाव पडद्यावर, ही विभागणी शाबूत होती.

२००४ साली आलेल्या ऑर्कुटने ही सवय सैल केली; तेथील स्क्रॅपबुकातला मजकूर प्रारंभी कोणाही सदस्यास वाचता येई. फेसबुकने खऱ्या नावाचा आग्रह धरला, आणि व्हॉट्सॲपने तर मोबाइल क्रमांकालाच ओळखीचा दाखला बनवले.

आजच्या मुलांना गोपनीयतेची चाड नाही, ही वडीलधाऱ्यांची तक्रार मला न्याय्य वाटत नाही. इन्स्टाग्रामवर नातेवाइकांसाठी एक आणि निवडक मैत्रिणींसाठी दुसरे खाते राखणारी मुलगी आपल्या मर्यादा पुरत्या जाणते. परंतु जिच्या बारशाचे आणि शाळेच्या नावाचा बिल्ला लावलेल्या गणवेशाचे छायाचित्र तिला अक्षरओळख होण्यापूर्वीच प्रसिद्ध झाले, तिच्यापाशी राखून ठेवण्याजोगे उरले काय? दहावीच्या निकालादिवशी तर कौतुकाच्या भरात अख्खी गुणपत्रिकाच सर्वत्र धाडली जाते. तिच्यावर बैठक क्रमांक आणि आईचे नाव असते, आणि मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल पाहण्यास नेमके हेच दोन तपशील पुरतात. (आईचे नाव विचारून ग्राहकाची ओळख पटवण्याची बँकांची रीतही जुनीच आहे.)

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांचा माग काढणे व त्यांना हेरून जाहिराती दाखवणे निषिद्ध केले, आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती आवश्यक मानली. मात्र व्यक्तीने घरगुती वा खाजगी कारणासाठी केलेला वापर कक्षेबाहेर ठेवला. संमतीचा हा अधिकार ज्याच्याकडे सोपवला, त्या पालकानेच कौतुकापोटी मुलाची माहिती चव्हाट्यावर मांडली तर काय, याचे उत्तर कायद्यात शोधण्यापेक्षा, पुढील निकालाच्या दिवशी गुणपत्रिका धाडण्यापूर्वी पालकांनी मुलालाच एकवार विचारावे.